नागपुरातील उन्हाळी नाट्यशिबिराला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

नागपुरात वार्षिक परीक्षा संपतात त्या सुमारास पाऱ्याने चाळिशी ओलांडलेली असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत उन्हाळी नाट्यशिबिरांचे फलक दिसू लागतात. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडत असल्यामुळे सुट्टी लांबलचक असते, आणि दहा-पंधरा दिवसांचे शिबिर व त्याच्या शेवटी एक लहानसा प्रयोग ही रचना तिच्यात सहज बसते. आठवी ते दहावीतील ज्या विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनापलीकडे रंगमंच पाहिलेला नाही, पण यंदा शिबिराला जायचेच असे ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मी नववीत असताना पहिल्या शिबिराला गेलो, तेव्हा माझी तयारी कमी नव्हती, उलट जरा जास्तच झालेली होती. शेजारच्या एका काकांनी एक स्वगत माझ्याकडून महिनाभर घोटून घेतले होते. ‘आकाश’ म्हटले की उजवा हात वर, ‘हृदय’ म्हटले की तोच हात छातीवर, आणि शेवटच्या वाक्याला गुडघा टेकायचा. दिग्दर्शकांनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आता हेच खाली बसून, लसूण सोलता सोलता म्हण.” मला तिसरे वाक्य आठवेना. माझे शब्द माझ्या हातांना बांधलेले होते. हात दुसऱ्या कामाला लागताच शब्दही गेले. पुढे अनेक वर्षे शिबिरांत पडद्यामागची कामे करताना मी हाच प्रकार इतक्या मुलामुलींच्या बाबतीत पाहिला आहे, की पूर्वतयारीविषयी माझे मत आता ठाम झाले आहे: शरीर, आवाज आणि पाठांतर ही तयार करून न्यावीत, अभिनय मात्र तयार करून नेऊ नये.

पहिली पायरी: शिबिर निवडणे

नाव नोंदवण्यापूर्वी आईवडिलांबरोबर स्वतः जाऊन जागा पाहून यावी. शिबिरांची माहिती हवी असल्यास सीताबर्डीवरील विदर्भ साहित्य संघ, सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, लक्ष्मीनगरातील सायंटिफिक सोसायटीचे सभागृह किंवा रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह, अशा ठिकाणी एक फेरी मारावी. प्रत्यक्ष वर्ग बहुधा एखाद्या शाळेच्या हॉलमध्येच भरतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. हॉल किती सजलेला आहे यापेक्षा तेथे हवा खेळती आहे का, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे का, हे मे महिन्यात अधिक महत्त्वाचे ठरते.

आयोजकांना काही प्रश्न विचारताना संकोच करू नये. शिकवणार कोण, एका गटात मुले किती, मुलींसाठी जबाबदार महिला पूर्णवेळ उपस्थित असते का, पालकांना मधूनच येऊन पाहता येते का, तालीम लांबली तर घरी कसे कळवले जाते, आणि शेवटच्या प्रयोगात प्रत्येकाला काम मिळते का, हे सगळे आधीच स्पष्ट असावे. ज्या शिबिरात या प्रश्नांचा राग येतो ते शिबिर सोडून द्यावे. एखाद्या व्यायामात कोणी हात धरणे, खांद्यावर भार देणे असे प्रकार येतात. त्यात अवघडल्यासारखे वाटले तर ‘मला हे नको’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला असतो आणि चांगला प्रशिक्षक तो मानतो. वर्गाबाहेर एकट्याला थांबवून घेण्याचा आग्रह कोणी केला तर ते त्याच दिवशी घरी सांगावे.

जाण्यायेण्याचा विचारही आताच करावा. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डी इंटरचेंजवर एकत्र येतात, त्यामुळे सायकलीने भर दुपारी वर्धा रोड कापण्यापेक्षा मेट्रो आणि थोडे चालणे हा पर्याय पुष्कळांना सोयीचा पडतो. दुपारी बारा ते चार या वेळेत भरणारे शिबिर शक्यतो टाळावे, मग ते कितीही नावाजलेले असो.

दुसरी पायरी: शरीराला उन्हाची आणि वेळेची सवय

शिबिराच्या किमान पंधरा दिवस आधी झोपेचे वेळापत्रक सुधारावे. सुट्टीत रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहून सकाळी दहाला उठणारा मुलगा सातच्या व्यायामवर्गात पहिले तीन दिवस केवळ जांभया देतो, आणि दहा दिवसांच्या शिबिरातले तीन दिवस म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. पहाटे साडेपाचला गच्चीवर जावे. त्या वेळी नागपूरची हवा सोसण्याजोगी असते. वीस मिनिटे चालणे, मान, खांदे, कंबर आणि घोटे सैल करणे, थोडे सूर्यनमस्कार, एवढे पुरेसे आहे. अनवाणी करावे, कारण तालमीही बहुधा अनवाणीच होतात.

पाणी तहान लागण्यापूर्वी प्यावे. घामाच्या दिवसांत नुसत्या पाण्याने भागत नाही. ताक, पन्हे, लिंबूसरबत घ्यावे, किंवा ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात विरघळवावे. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातले तरी चालते. २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, शिबिर असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. डोके जड होणे, मळमळ, गरगरणे, अंग तापूनही घाम न येणे यांपैकी काहीही जाणवले तर तालीम थांबवून लगेच सांगावे. ‘सरांना काय वाटेल’ या विचाराने उभे राहिलेले आणि नंतर कोसळलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी कौतुक कोणालाच वाटले नाही, सगळ्यांची धावपळ मात्र झाली.

तिसरी पायरी: आवाज आणि उच्चार

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नागपूरकर विद्यार्थ्याची खरी मेहनत येथेच असते.

प्रथम श्वास. पाठीवर उताणे झोपून पोटावर एखादे जाड पाठ्यपुस्तक ठेवावे. श्वास घेताना पुस्तक वर जावे आणि सोडताना खाली यावे, छाती मात्र फारशी हलू नये. हे जमले की श्वास सोडता सोडता आकडे मोजावेत. पहिल्या दिवशी पंधरापर्यंत दम पुरेल, दोन आठवड्यांत पंचवीस-तीसपर्यंत जाईल. लांबच्या प्रेक्षकाला ऐकू जाणारा आवाज घशातून ओरडून काढलेला नसतो, तो या श्वासावर उभा असतो.

येथे आपल्या शहरातील एक अडचण सांगितली पाहिजे. एप्रिल ते जून आपण कूलरच्या घरघरीत राहतो आणि नकळत सगळेच चढ्या आवाजात बोलतो. त्याच खोलीत पाठांतर केले तर घसा ताणून बोलण्याची सवय लागते, आणि शांत हॉलमध्ये तेच बोलणे आरडाओरड वाटते. म्हणून मोठ्याने म्हणण्याचा सराव कूलर बंद असताना, म्हणजे पहाटे करावा. कूलरपुढे बसून मनातल्या मनात पाठांतर करायला काहीच हरकत नाही.

तेरा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटतो. आज जाड, उद्या चिरका, मधेच दोन तुकडे, असे काही महिने चालते. हा आजार नव्हे आणि त्यावर औषधही नाही. आवाज जबरदस्तीने जाड काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना तसे सांगून ठेवावे. गाणे म्हणायचे असेल तर पट्टी उतरवता येते.

आता उच्चार. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वऱ्हाडी किंवा नागपुरी वळणाची मराठी बोलली जाते. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘शाळा’ची ‘शाया’ होते, ‘मी येतो आहे’ऐवजी ‘मी येऊन राहिलो’ म्हटले जाते. या बोलीची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. उलट ज्याच्या कानात घरची बोली आणि प्रमाण मराठी अशा दोन्ही स्वतंत्रपणे वाजतात, त्या नटाकडे दोन भूमिका आधीच तयार असतात. दोष बोलीत नाही, दोन्हींची नकळत सरमिसळ होण्यात आहे. पेशव्यांच्या दरबारातला सरदार ‘पानी’ मागू लागला की प्रेक्षक हसतात, आणि भिवापूरचा शेतकरी पुस्तकी मराठी बोलू लागला तरी त्यांचा विश्वास उडतो. म्हणून रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद प्रमाण उच्चारांत मोठ्याने वाचावा, आणि तोच मजकूर आपल्या आजीला सांगितल्यासारखा बोलीत सांगावा. ‘ळ’ सैल असेल तर ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे जुने जिभेचे व्यायामवाक्य सावकाश सुरुवात करून वेग वाढवत म्हणावे.

हिंदी आणि इंग्रजीच्या सतत सहवासामुळे आणखी एक गोष्ट बिघडते, ती म्हणजे च, ज आणि झ. मराठीत यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ माणसे म्हणताना जीभ टाळूला लागते, पण गुरांचा ‘चारा’ म्हणताना ती दातांकडे जाते. ‘झेंडा’ आणि ‘झाड’, ‘जेवण’ आणि ‘जाळे’ या जोड्या म्हणून पाहाव्यात. ‘घरची’ आणि ‘घरचा’ यांतही हाच फरक आहे. मराठी घरात वाढलेल्या मुलाला हे शिकवावे लागत नाही असे पूर्वी म्हणत. आता पुष्कळदा शिकवावे लागते.

चौथी पायरी: एक उतारा पाठ करणे

पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी बहुतेक शिबिरांत काहीतरी सादर करायला सांगतात. त्यासाठी दीड-दोन मिनिटांचा एकच उतारा पुरे. निवडताना मोह होतो तो निवृत्त, एकाकी म्हाताऱ्या नटाच्या त्या सर्वश्रुत स्वगताचा. कृपा करून तो आवरावा. चौदा वर्षांच्या मुलाने सत्तरीतली निराशा दाखवायची म्हणजे आवाज कापरा करणे आणि पाठ वाकवणे एवढेच उरते, आणि प्रशिक्षकांनी ते त्या सकाळी आणखी तिघांकडून ऐकलेले असते. आपल्या वयाच्या जवळचे, शक्यतो कोणाला तरी उद्देशून बोललेले काहीतरी घ्यावे. बालनाट्यातला संवाद चालेल, कथेतला एखादा प्रसंग प्रथमपुरुषी करून घेतलेला चालेल, आणि धाकट्या भावाने सायकल पंक्चर केल्यावर तुम्ही जे बोललात ते नीट लिहून काढले तर तेही चालेल.

पाठांतराची पद्धत अशी ठेवावी. उतारा आधी स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घ्यावा; छायाप्रतीवर ही पायरी चुकते. मग पाठ करण्याच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरे समासात लिहावीत: मी कोणाशी बोलतो आहे, मला त्याच्याकडून काय हवे आहे, आणि ते मिळण्याच्या आड काय येते आहे. वाक्याचा अर्थ या उत्तरांतून कळला की शब्द फार लवकर चिकटतात. नंतर उताऱ्याचे तीन-चार वाक्यांचे तुकडे करून रात्री झोपण्यापूर्वी एक तुकडा पाठ करावा आणि सकाळी उठल्याबरोबर वही न पाहता तो म्हणावा. संवाद असेल तर समोरच्याची वाक्ये मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मधे आपल्या वाक्यापुरती रिकामी जागा सोडावी. स्वतःची वाक्ये येणे म्हणजे निम्मे पाठांतर, दुसऱ्याचे कोणते शब्द संपले की आपण बोलायचे हे येणे म्हणजे उरलेले निम्मे.

मग माझी लसणाची परीक्षा द्यावी. तोच उतारा भांडी पुसताना, जिना चढताना, कुजबुजत, हसू दाबत, पाठमोरे उभे राहून म्हणावा. प्रत्येक वेळी तो थोडा वेगळा आला तर तयारी योग्य दिशेने आहे; प्रत्येक वेळी अगदी एकसारखा आला तर तुम्ही सूर पाठ केला आहे, अर्थ नव्हे. आरशासमोर सराव करू नये, कारण आरसा चेहऱ्याचे भाव मोजायला शिकवतो. आणि घरातील कोणी हौशी मंडळी हातवारे बसवून देऊ लागली तर त्यांना नम्रपणे सांगावे की ते सर शिकवणार आहेत. वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसे मिळवलेल्या मुलांना हे सर्वांत जड जाते, कारण प्रेक्षकांकडे पाहून टाळीच्या जागा घेण्याची त्यांची सवय जुनी असते.

पाठांतराविषयी एक गोष्ट झाडीपट्टीतून. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणारी नाटके होतात, वडसा हे त्यांचे मोठे केंद्र आहे, आणि तेथे तालमी थोड्या व प्रयोग पुष्कळ असल्यामुळे प्रॉम्प्टरवर, म्हणजे आडून वाक्ये सांगणाऱ्यावर, मोठी भिस्त असते. तेथील नट ती कसरत लीलया करतात, कारण शब्द कानावर पडताच तो उचलून हजारो लोकांपर्यंत पोचवण्याचे त्यांचे कसब वर्षानुवर्षांचे असते. शिबिरातील विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, उभ्या असलेल्या मित्राच्या भरवशावर ते आपल्याला जमेल असे मानू नये.

पाचवी पायरी: पाहणे आणि वाचणे

एक छोटी वही केवळ माणसांसाठी ठेवावी. बर्डीच्या मुख्य रस्त्यावर, गणेशपेठच्या बसस्थानकावर किंवा गोकुळपेठच्या बाजारात अर्धा तास बसून एकाच माणसाकडे पाहावे. उदाहरणार्थ रसवंतीवाला: तो उसाचे कांडे दुमडून चरकात दुसऱ्यांदा घालताना खांदा कसा देतो, ओला हात कोठे पुसतो, सुटे पैसे कोणत्या हाताने मोजतो, आणि गिऱ्हाईक नसताना कोणाकडे पाहतो. अशा पाच नोंदी असलेला विद्यार्थी उत्स्फूर्त प्रसंगांच्या खेळात कधीच रिकामा उभा राहत नाही. नोंदी मनात ठेवून नंतर लिहाव्यात. मोबाइलने कोणाचे चित्रण करू नये.

वाचण्यासाठी एखादे पूर्ण नाटक घ्यावे, नुसते उतारे नकोत. आपल्याच मातीतले हवे असेल तर महेश एलकुंचवार यांचे १९८५चे ‘वाडा चिरेबंदी’ घरातल्या मोठ्यांसोबत भूमिका वाटून मोठ्याने वाचावे. विदर्भातल्या त्या वाड्यातली माणसे कशी बोलतात आणि मुंबईहून आलेली कशी बोलतात, हा फरक तोंडात घोळवताना वरच्या उच्चारांच्या सरावाचे कारण आपोआप कळते. नागपूरचेच पुरुषोत्तम दारव्हेकर ‘कट्यार काळजात घुसली’साठी सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांनी मुलांसाठीही नाटके लिहिली आणि रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था उभी केली, हे शिबिरार्थीला माहीत असावे.

काही शब्द आधीच ओळखीचे असले तर पहिल्या तालमीत धांदल होत नाही. नटाचे तोंड प्रेक्षकांकडे असताना त्याच्या उजव्या हाताची ती उजवी विंग. छापील संहितेत, म्हणजे नाटकाच्या लिखित मजकुरात, मात्र पुष्कळदा ‘प्रेक्षकांच्या उजवीकडे’ असे लिहिलेले असते, तेव्हा विचारून घ्यावे. प्रेक्षकांच्या जवळचा भाग डाऊन स्टेज, मागचा अप स्टेज. कोणी कोठून कोठे जायचे हे ठरवणे म्हणजे ब्लॉकिंग, आणि ते संहितेत नेहमी पेन्सिलीनेच लिहावे, कारण दुसऱ्या दिवशी ते बदलणार असते.

आदल्या दिवशी

पिशवीत सैल सुती कुर्ता आणि पायजमा किंवा ट्रॅक पँट, घाम पुसायला पंचा, डोक्याला बांधायला दुपट्टा, दोन लिटर पाणी, वही, दोन पेन्सिली व खोडरबर, कोरडा खाऊ, मुलींनी सॅनिटरी पॅड आणि केस बांधायला रबर एवढे असावे. जीन्स, अंगठ्या, साखळ्या आणि घड्याळ घरी ठेवावे. चष्मा असेल तर त्याला मागून दोरी लावावी. नियमित औषध, दमा किंवा कसली ॲलर्जी असल्यास ते चिठ्ठीवर लिहून पालकांच्या फोन क्रमांकासह आयोजकांना द्यावे.

जेवण हलके घ्यावे आणि वर्गाच्या दोन तास आधी आटोपावे. तर्री-पोहे हा आपला जीव की प्राण असला तरी ती लाल तर्री पोटात घेऊन जमिनीवर लोळण्याचे व्यायाम करून पाहावेत, म्हणजे मी का सांगतो ते पटेल. प्रयोगाच्या आदल्या रात्री सावजी रश्श्याचे आमंत्रण आले तर ते दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

पहिला दिवस आणि त्यानंतर

पंधरा मिनिटे आधी पोचावे. चपला बाहेर काढाव्यात आणि रंगमंचावर कधीही चपला घालून चढू नये. येथील नाट्यगृहांत हा संकेत आवर्जून पाळला जातो. पहिले दोन-तीन दिवस संहिता हातात मिळणार नाही, फक्त खेळ असतील: समोरच्याच्या हालचालींचा आरसा होणे, डोळे मिटून मित्राच्या आवाजामागे चालणे, दिलेल्या प्रसंगात काहीतरी करून दाखवणे. ‘नाटक कधी सुरू होणार’ असे विचारण्याची घाई करू नये, ते सुरू झालेलेच असते. उत्स्फूर्त प्रसंगात सोबत्याने ‘डॉक्टर, माझा पाय दुखतो’ म्हटले की ‘मी डॉक्टर नाहीच’ असे उत्तर देऊन हशा मिळतो खरा, पण सोबत्याच्या हाती काहीच उरत नाही. त्याने दिलेले घ्यावे आणि त्यात आपले घालावे. आणि तुमचा उतारा ऐकून प्रशिक्षकांनी काही बदलायला सांगितले, तर ‘मला असे शिकवले होते’ हे वाक्य गिळून टाकावे.

भूमिका वाटल्या जातात त्या दिवशी थोडी रडारड होतेच. वाट्याला दोनच वाक्ये आली, किंवा पडदा आणि ध्वनी सांभाळायला सांगितले, तर त्या दिवसापासून संपूर्ण संहिता पाठ करायला घ्यावी. मे महिन्यातल्या नागपुरात रंगीत तालमीच्या, म्हणजे वेशभूषेसह होणाऱ्या शेवटच्या तालमीच्या, सुमारास एखादा तरी नट ऊन लागून आडवा होतो, आणि तेव्हा दिग्दर्शक खोलीभर नजर फिरवून एवढेच विचारतात, “याची वाक्ये कोणाला येतात?”